पिरडाउन, पिरअप आणि ब्लर: ग्वाल्हेरच्या जाळ्यांचे फोटो लहान-मोठे करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली इंजिनिअरिंगची पोरं असोत की किल्ल्याचे आणि मकबऱ्याचे फोटो काढून नीट जपून ठेवणारी हौशी मंडळी असोत, माझ्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढलीयेत. सगळं ओपनसीव्ही (फोटोंवर काम करणारी फंक्शनं देणारी लायब्ररी) आणि पायथनबद्दल आहे. पिरडाउन फोटो अर्धा करतं, पिरअप दुप्पट करतं, आणि असे अर्धे अर्धे होत गेलेले फोटो मिळून होतो पिरॅमिड, त्यातला प्रत्येक फोटो म्हणजे एक लेव्हल. फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना पिरडाउनमधला डी आणि पिरअपमधला यू कॅपिटल ठेवायचा, बाकी अक्षरं लहान.

ताई, फोटो लहान करायला रिसाइझ आहे की, मग हे पिरॅमिड कशाला?

हा प्रश्न नीट समजला की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत, म्हणून इथे जरा वेळ देते.

ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला मोहम्मद गौसचा मकबरा आहे, तानसेनच्या समाधीशेजारचा, त्याच्या चारी बाजूंना दगडात कोरलेल्या जाळ्या आहेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लांबून फोटो काढला की जाळीची भोकं आणि मधला दगड इतके बारीक होतात की एक पिक्सेल उजेड, एक पिक्सेल अंधार, परत उजेड, परत अंधार असं चालू राहतं. आता हा फोटो अर्धा करायचा म्हणून तुम्ही फक्त एक आड एक पिक्सेल उचलला, तर एकतर सगळे उजेडाचेच हाती लागतील नाहीतर सगळे अंधाराचेच, म्हणजे अख्खी जाळी पांढरी भिंत होईल किंवा काळी भिंत होईल! आणि नक्षी अगदी दोन पिक्सेलची नसून थोडी कमीजास्त असली, जी प्रत्यक्षात असतेच, तर मूळ जाळीत कुठेच नसलेल्या जाड लाटा उमटतात. त्याला मॉयरे म्हणतात, आणि मकबऱ्याच्या फोटोंत तो हमखास येतो.

म्हणून क्रम असा की आधी ब्लर, मग पिक्सेल टाकून द्यायचे. जी बारीक नक्षी लहान फोटोत मावणारच नाही ती आधी विरघळवून घ्यायची, म्हणजे ती भलत्याच रूपात परत येत नाही. पिरडाउन हे दोन्ही एकाच फंक्शनमधे करतं. रिसाइझ तुम्ही सांगाल तसं वागतं, आणि काही न सांगता वापरलं तर मोठ्या घटीत पुरेसं ब्लर करत नाही.

पिरडाउन आतमधे नक्की काय करतं?

पाच बाय पाचचा एक ठरलेला कर्नल, म्हणजे वजनांचा तक्ता, आहे. १, ४, ६, ४, १ ही ओळ घ्या, तिची बेरीज १६, ती आडवी लावा मग उभी लावा, म्हणजे सगळ्या वजनांची बेरीज २५६ होते. मधल्या पिक्सेलला ३६ भाग, कोपऱ्यातल्याला फक्त १. या वजनांनी सरासरी काढायची आणि मग ०, २, ४, ६ नंबरच्याच ओळी आणि कॉलम ठेवायचे. रुंदी अर्धी, उंची अर्धी, पिक्सेल एक चतुर्थांश. बस.

एक पिक्सेल उजेड एक पिक्सेल अंधार अशी जाळी या कर्नलमधून गेली की पूर्ण सपाट राखाडी होते, तिचा मागमूस राहत नाही. तीन पिक्सेलला एकदा येणारी नक्षी साधारण ६ टक्के उरते. चार पिक्सेलवाली, जी नव्या फोटोत जेमतेम मावू शकते, ती २५ टक्के उरते. म्हणून पिरडाउनचा फोटो थोडा मऊ दिसतो आणि पोरं विचारतात की शार्पनेस कुठे गेला. तो मऊपणा मुद्दाम ठेवलाय, मॉयरे टाळायची ती किंमत आहे आणि मला ती रास्त वाटते.

याचा एक फायदाही आहे जो कोणी सांगत नाही. संध्याकाळी हाय आयएसओवर काढलेल्या फोटोत जो दाणेदार नॉइज असतो तो एका पिरडाउनमधे खूपच दबतो. प्रत्येक पिक्सेलचा नॉइज शेजाऱ्यापेक्षा स्वतंत्र धरला तर त्याचा फैलाव साधारण २७ टक्क्यांवर येतो, हे त्या १, ४, ६, ४, १ वजनांवरूनच काढता येतं, करून बघा, वर्गांची बेरीज ७० येते, तिला २५६ ने भागायचं. फोनच्या जेपेगमधे नॉइज इतका स्वतंत्र नसतो त्यामुळे तिथे फायदा थोडा कमी दिसेल.

मग पिरअप केलं की मूळ फोटो परत मिळतो ना?

नाही. आकार परत मिळतो, डिटेल नाही.

पिरअप काय करतं तर प्रत्येक दोन ओळींच्या मधे शून्यांची एक ओळ घुसवतं, प्रत्येक दोन कॉलमच्या मधे शून्यांचा कॉलम, आणि मग तोच कर्नल चारने गुणून फिरवतं. चारने का, तर आता दर चार पिक्सेलपैकी तीन शून्य आहेत, तसंच फिरवलं तर फोटोचा उजेड एक चतुर्थांश होईल. जे पिक्सेल पिरडाउनने फेकले त्यांच्याबद्दल पिरअपला काहीच माहीत नसतं, ते शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतं.

शून्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख आठवतो, इ.स. ८७६ चा, ज्यात २७० हा आकडा आज आपण लिहितो तसा गोल शून्य देऊन कोरलेला आहे. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव शून्यांमधे तो मोजला जातो. कॉलेजातल्या मुलांनी एकदा तरी वर जाऊन तो बघावा असं मला मनापासून वाटतं.

पिरडाउन करून पिरअप केलं तर साइज मॅच होत नाही, वजाबाकीत एरर येते. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये, विषम आकड्यांचा घोळ आहे. त्याच शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे २७० हात बाय १८७ हात. समजा आपला फोटो २७० बाय १८७ पिक्सेलचा आहे. पिरडाउन साइज काढताना एक मिळवून मग अर्धं करतं, म्हणून २७० चे १३५ होतात पण १८७ चे ९४. पुढे १३५ चे ६८, ९४ चे ४७. त्यापुढे ३४ आणि २४. आता उलट चढा. ३४ बाय २४ चं पिरअप येतं ६८ बाय ४८, आणि तुमच्याकडे त्या लेव्हलला आहे ६८ बाय ४७. तिच्या वरच्या लेव्हलला १३६ येतं, हवं १३५. सगळ्यात वर १८८ येतं, हवं १८७. प्रत्येक पायरीवर एका पिक्सेलचा फरक आणि म्हणून एरर.

उपाय दोन. पिरअपला डीएसटीसाइझ द्या, वरच्या लेव्हलची रुंदी आणि उंची. पण लक्षात ठेवा की नमपायचं (पायथनमधे फोटोचे आकडे सांभाळणारी लायब्ररी) शेप आधी उंची सांगतं मग रुंदी, आणि ओपनसीव्हीला साइझ आधी रुंदी मग उंची असा लागतो, ही अदलाबदल करायला विसरलं की नवीनच एरर येते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. डीएसटीसाइझमधे मनाला येईल तो आकडाही चालत नाही, बरोबर दुप्पट किंवा दुपटीच्या एक कमी-जास्त असा विषम आकडा, एवढीच सूट आहे.

दुसरा उपाय म्हणजे सुरुवातीलाच फोटोला थोडी कड जोडायची. तीन लेव्हल उतरायचं असेल तर दोन्ही आकडे आठने भाग जाणारे करा, २७० चे २७२ आणि १८७ चे १९२. कॉपीमेकबॉर्डर वापरा आणि बॉर्डर रिफ्लेक्ट १०१ ठेवा, काळी पट्टी जोडू नका, नाहीतर ती काळीक ब्लरबरोबर आत झिरपते. काम झालं की कड कापून टाका. मला स्वतःला हा दुसरा उपाय आवडतो कारण मग पुढे कुठेच विचार करावा लागत नाही.

पिरडाउनने एक तृतीयांश करता येतं का?

नाही, फक्त अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं. मधला आकार हवा असेल तर हव्या त्या आकाराच्या जरा वर असलेल्या लेव्हलपर्यंत पिरडाउनने या आणि शेवटचा टप्पा रिसाइझने.

रिसाइझमधे इंटरपोलेशन (नवे पिक्सेल काढायची पद्धत) कोणतं निवडू? नावं खूप आहेत.

लहान करताना इंटर एरिया. मोठं करताना इंटर क्युबिक किंवा लँक्झोस फोर. मास्क (फोटोचा कुठला भाग घ्यायचा ते सांगणारं चित्र) किंवा लेबल असेल तर निअरेस्ट. मला वाटतं रोजच्या कामात एवढं पुरतं.

फक्त कारण समजून घ्या. काही सांगितलं नाही तर रिसाइझ इंटर लिनियर धरतं, आणि ते नव्या पिक्सेलसाठी जुन्यातले जवळचे चारच पिक्सेल बघतं. फोटो बरोबर अर्धा करताना ते चालून जातं. पण एक अष्टमांश करताना एका नव्या पिक्सेलच्या वाट्याला जुने ६४ येतात, त्यातले चार बघितले आणि साठ सोडून दिले तर जाळीत मॉयरे येणारच. क्युबिक सोळा बघतं आणि लँक्झोस फोर चौसष्ट बघतं, पण ते शेजार ठरलेला असतो, फोटो किती लहान होतोय त्याप्रमाणे पसरत नाही. एरिया मात्र वाट्याचे सगळे पिक्सेल धरून सरासरी काढतं.

मग एरिया आणि पिरडाउनमधे फरक काय, हा पुढचा प्रश्न येतोच. अर्ध्यावर आणताना एरिया दोन बाय दोनची सरासरी काढतं, त्यात मघाची तीन पिक्सेलवाली नक्षी ५० टक्के उरते, पिरडाउनमधे ६ टक्के. म्हणजे एरियाचा फोटो जास्त कुरकुरीत पण जाळीवर थोडा मॉयरे, पिरडाउनचा मऊ पण स्वच्छ. माणसांचे फोटो, गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो वगैरे असतील तर मी एरिया घेते. मकबऱ्याच्या जाळ्या, बारीक चौकडीच्या साड्या असलं काही असेल तर पिरडाउन.

छोटा फोटो मोठा करायला पिरअप वापरू का?

बघायला म्हणून नको, फार गुळगुळीत येतं. क्युबिक बरं. पिरअपची खरी जागा पिरॅमिड परत जोडताना आहे.

गॉशियन ब्लर आणि पिरॅमिडचा ब्लर वेगळा कसा?

गॉशियन ब्लर फोटोचा आकार तसाच ठेवतं आणि किती ब्लर हवा ते सिग्माने तुम्ही ठरवता. कर्नलचा आकार विषमच द्यायचा, ३, ५, ७ असा, ४ दिला की एरर. सिग्मा ० दिला तर कर्नलच्या आकारावरून ते स्वतः काढतं, ५ साठी १.१ येतो. पिरडाउनच्या त्या १, ४, ६, ४, १ चा सिग्मा बरोबर १ आहे, म्हणजे एका लेव्हलपुरते दोघं जवळपास सारखेच.

फरक खाली खाली उतरताना वाढतो. दुसऱ्या लेव्हलवर तोच छोटा कर्नल मूळ फोटोच्या दुप्पट जागेवर फिरतोय, तिसऱ्यावर चौपट. मूळ पिक्सेलांत मोजलं तर एकूण सिग्मा पहिल्या लेव्हलला १, मग साधारण २.२, मग ४.६, मग ९.२, आणि सहाव्या लेव्हलला ३७ च्या आसपास. आता ३७ सिग्माचा ब्लर सरळ गॉशियन ब्लरने करायचा तर ८ बिटच्या फोटोसाठी कर्नल २२३ पिक्सेलचा होतो, जुन्या लॅपटॉपवर पंखा ओरडायला लागतो. पिरॅमिडने सहा वेळा खाली या, सहा वेळा वर जा, खूपच स्वस्तात पडतं. वर चढताना पिरअपही थोडा ब्लर घालतं त्यामुळे सिग्मा अगदी मोजून मापून हवा असेल तर ही युक्ती नको, पण मागची गर्दी धूसर करायची असेल तर छान चालते.

किती लेव्हल करू?

कामावर आहे. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो घेतला तर २००० बाय १५००, १००० बाय ७५०, ५०० बाय ३७५, २५० बाय १८८, १२५ बाय ९४, ६३ बाय ४७ असा उतरतो. ब्लेंडिंगला, म्हणजे दोन फोटो एकमेकांत मिसळायला, पाच-सहा पुरतात. काही शोधायचं असेल तर ती वस्तू छोट्या लेव्हलवरही ओळखता येईल एवढी उरली पाहिजे, दहा-बारा पिक्सेलच्या खाली गेली की थांबा.

सगळ्या लेव्हल मेमरीत ठेवल्या तर रॅम भरेल का?

वाटतं तेवढी नाही. प्रत्येक लेव्हल आधीच्या एक चतुर्थांश, म्हणून सगळी बेरीज मूळच्या चार तृतीयांशाच्या आतच राहते. वरचा फोटो रंगीत ८ बिटमधे ३ कोटी ६० लाख बाइट, अख्खा पिरॅमिड ४ कोटी ८० लाखांच्या आत. खरी मेमरी खातं ते फ्लोट ३२ मधे (दशांश आकड्यांत) बदलणं, तिथे सगळं एकदम चौपट होतं. आणि तुम्हाला मोठा फोटो लागणारच नसेल तर वाचतानाच लहान वाचा, आयएमरीडला रिड्यूस्ड कलर २, ४ किंवा ८ चा फ्लॅग देता येतो.

लाप्लेशियन पिरॅमिड काढला तर सगळं काळंच दिसतंय.

काळं दिसणं बऱ्याच अंशी बरोबरच आहे, पण त्यात एक खरी गडबडही लपलेली असते, म्हणून दोन्ही सांगते.

लाप्लेशियन लेव्हल म्हणजे एक गॉशियन लेव्हल (पिरडाउनने केलेली) वजा तिच्या खालच्या लेव्हलचं पिरअप. म्हणजेच पिरडाउनने जे डिटेल गमावलं तेवढंच बाजूला काढून ठेवायचं. फोटोतला बराचसा भाग सपाट असतो, आकाश, भिंत, तिथे वजाबाकी शून्याजवळ येते, आणि शून्य म्हणजे काळं. फक्त किनारी दिसतात. १९८३ मधे बर्ट आणि एडेल्सन यांनी ही रचना मांडली ती फोटो कमी जागेत साठवायला, कारण शून्याजवळचे आकडे कमी जागेत मावतात.

गडबड अशी की वजाबाकीत निम्मे आकडे ऋण येतात आणि ८ बिटमधे ऋण आकडाच नसतो. ओपनसीव्हीचं सबट्रॅक्ट वापरलं तर सगळे ऋण आकडे शून्य होऊन बसतात, म्हणजे अर्धं डिटेल कायमचं गेलं. नमपायचं साधं वजा चिन्ह वापरलं तर उणे ३ चे २५३ होतात आणि भलतीकडे पांढरे ठिपके चमकतात. तेव्हा पहिल्याच ओळीत फोटो फ्लोट ३२ मधे बदला आणि शेवटी जोडून झाल्यावर ० ते २५५ मधे क्लिप करून परत ८ बिट करा. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर १२८ मिळवून दाखवा, मग राखाडीवर दोन्ही बाजूच्या किनारी दिसतील.

हे नीट केलं तर सगळ्यात छोटी गॉशियन लेव्हल आणि वरच्या सगळ्या लाप्लेशियन एवढ्यावरून मूळ फोटो जसाच्या तसा परत जुळतो, फ्लोटचा किरकोळ फरक सोडला तर. मघाशी म्हटलं पिरअपने डिटेल परत येत नाही, ते यामुळे येतं, कारण ते आपण जपून ठेवलं होतं.

दोन फोटो जोडले तर मधे जोड दिसतो, तो कसा घालवू?

किल्ल्यावरच्या मान मंदिर महालाची निळ्या टाइल्सची भिंत इतकी लांब आहे की एका फोटोत मावत नाही, मग दोन फोटो काढले जातात आणि मधल्या वेळात ऊन बदललेलं असतं. नुसते चिकटवले तर रेघ दिसते. कडेला ब्लर करून मिसळले तर टाइल्सवरची बदकं दुहेरी दिसतात.

पिरॅमिडचं म्हणणं असं की उजेडाचा फरक ही मोठी, सावकाश बदलणारी गोष्ट आहे, ती रुंद पट्ट्यात मिसळा, आणि टाइलची किनार ही बारीक गोष्ट आहे, ती अरुंद पट्ट्यात मिसळा. दोन्ही फोटोंचे लाप्लेशियन पिरॅमिड करा. एक मास्क घ्या, डावीकडे १ उजवीकडे ०, त्याचा गॉशियन पिरॅमिड करा, खाली खाली त्याची कड आपोआप रुंद होत जाते. प्रत्येक लेव्हलला पहिला फोटो गुणिले मास्क अधिक दुसरा गुणिले एक वजा मास्क. मग खालून वर जोडत या. मास्कही फ्लोटमधे घ्या आणि ० ते १ ठेवा, २५५ राहिला तर फोटो पांढरा फटक होईल. दोन्ही फोटो आधी एकमेकांवर बरोबर बसवलेले पाहिजेत, ते काम पिरॅमिड करत नाही.

मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. जोड खरंच नाहीसा होतो, आणि तो का नाहीसा झाला हे प्रत्येक लेव्हल उघडून बघता येतं.

मकबऱ्याच्या आतून फोटो काढला की जाळी पांढरी आणि भिंत काळी येते. याचं काही होईल का?

होईल. ट्रायपॉड लावून तीन-चार एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाचे फोटो) काढा आणि ओपनसीव्हीचं क्रिएटमर्जमर्टेन्स वापरा. प्रत्येक फोटोतला नीट उजेड आलेला भाग निवडून ते लाप्लेशियन पिरॅमिडनेच मिसळतं, वर सांगितलं तेच पण मास्क ते स्वतः बनवतं. उत्तर ० ते १ च्या आसपास फ्लोटमधे येतं, २५५ ने गुणून क्लिप केल्याशिवाय सेव्ह करू नका.

छोटा केल्यावर उन्हातली जाळी मूळपेक्षा काळपट का वाटते?

कारण जेपेगमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्धा भाग पूर्ण पांढरा आणि अर्धा पूर्ण काळा असेल तर लांबून डोळ्याला अर्धा प्रकाश दिसायला पाहिजे, तो आकडा १८८ च्या आसपास असतो. पण ० आणि २५५ ची साधी सरासरी येते १२७.५, आणि तो आकडा प्रत्यक्ष प्रकाशाचा साधारण २१ टक्केच दाखवतो. पिरडाउन काय किंवा रिसाइझ काय, दोघंही ही साधीच सरासरी काढतात. साध्या फोटोंत हे जाणवत नाही, उन्हाकडे तोंड असलेल्या जाळीत मात्र जाणवतं. उपाय म्हणजे फोटो फ्लोट करून आधी लिनियर प्रकाशात बदला, मग पिरडाउन, मग परत. साधारण २.२ चा घात वापरला तरी डोळ्याला पुरेसं जवळ येतं.

मास्क पिरडाउन केला तर मधलेच आकडे कुठून आले?

सरासरीमुळे. ब्लेंडिंगच्या मास्कला तेच हवं असतं. पण १ म्हणजे दगड, २ म्हणजे झाड, ३ म्हणजे आकाश अशी लेबलं असतील तर दगड आणि आकाशाच्या मधे झाड उगवेल. तिथे निअरेस्ट.

छोट्या फोटोत सापडलेली जागा मोठ्या फोटोत थोडी सरकलेली येते.

हा प्रश्न विचारणाऱ्याने बारकाईने बघितलंय, शाबास. पिरडाउन ०, २, ४ नंबरचे पिक्सेल ठेवतं म्हणून छोट्यातला १० म्हणजे मोठ्यातला २०, सरळ दुप्पट. रिसाइझ पिक्सेलचा मध्य धरून हिशोब करतं, तिथे १० म्हणजे २०.५. तीन लेव्हलनंतर पिरडाउनमधे ८ ने गुणायचं, आणि रिसाइझने एकदम एक अष्टमांश केलं असेल तर ८ ने गुणून ३.५ मिळवायचे. दोन्ही पद्धती एकाच प्रोग्राममधे मिसळल्या आणि हिशोब एकच ठेवला की हा साडेतीन पिक्सेलचा सरकाव येतो.

छोट्यावर शोधून मोठ्यावर नक्की करणं ही मात्र फारच चांगली सवय आहे. मॅचटेम्प्लेटने ४००० च्या फोटोत एखादी नक्षी शोधायची तर तिसऱ्या लेव्हलवर फोटोचे पिक्सेल चौसष्टावा भाग आणि नक्षीचेही चौसष्टावा भाग, सरळ गुणाकाराच्या हिशोबाने काम ४०९६ पटीने कमी. तिथे अंदाज घ्या आणि मग मोठ्या फोटोत फक्त आजूबाजूच्या थोड्या जागेत बघा. व्हिडिओत हलणारे पॉइंट पकडणारं ल्युकस-कनाडेचं फंक्शनही आतून पिरॅमिडच वापरतं, मॅक्सलेव्हल ३ असं त्यात आधीच लिहिलेलं असतं.

लहान मुलांचे चेहरे ब्लर करून फोटो ग्रुपवर टाकू का?

हलका ब्लर पुरत नाही, ओळखीच्या माणसाला चेहरा कळतोच. ब्लरच हवा असेल तर चेहऱ्याचा तुकडा एरियाने सहा-आठ पिक्सेलपर्यंत लहान करून निअरेस्टने मोठा करा, चौकोन चौकोन दिसतील. खरोखर लपवायचं असेल तर सरळ एका रंगाने झाका, माझा आग्रह त्याचाच आहे.

आयएमरीड काहीच वाचत नाहीये, पुढे पिरडाउनला एरर येते.

फोल्डरचं नाव मराठीत आहे का? विंडोजवर देवनागरी पाथ असेल तर आयएमरीड एरर न देता नन (म्हणजे काहीच नाही) देतं, एरर पुढच्या ओळीला येते आणि सगळे पिरडाउनला दोष देतात. नाव बदलायचं नसेल तर नमपायच्या फ्रॉमफाइलने बाइट वाचा आणि आयएमडीकोडला द्या. नावं मराठीत ठेवायला अजिबात हरकत नाही.

मान मंदिराच्या निळ्या टाइल्स नारिंगी कशा झाल्या?

ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवतं आणि मॅटप्लॉटलिब उलट्या क्रमाने वाचतं. दाखवण्याआधी सीव्हीटीकलरने बदलून घ्या.

घरातले जुने मोडी कागद स्कॅन केलेत, एका बाजूला सावली आहे. पिरॅमिडचा उपयोग होईल?

होईल, आणि हे काम कराच, कारण लष्करातल्या कितीतरी वाड्यांत असे कागद अजून ट्रंकेत पडून आहेत आणि शाई दरवर्षी फिकी होतेय. मूळ स्कॅन पीएनजी किंवा टिफमधे वेगळा ठेवा, त्याला हात लावायचा नाही.

कॉपी ग्रेस्केल करा. आधी डायलेट करा, कर्नल अक्षराच्या रेघेपेक्षा जाड घ्या, म्हणजे शाई पुसली जाऊन फक्त कागद उरतो, ही पायरी गाळली तर जिथे दाट लिहिलंय तिथला कागदच काळा समजला जातो. मग पाच वेळा पिरडाउन, पाच वेळा पिरअप, डीएसटीसाइझ देत देत. हाती येतो तो कागदावरच्या सावलीचा नकाशा. मूळ कॉपीला त्याने डिव्हाइड करा, स्केल २५५ द्या. सावली जाते, पिवळेपणा जातो, अक्षर राहतं. कागद वाकडा स्कॅन झाला असेल तर किती वाकडा आहे ते दुसऱ्या लेव्हलवर मोजा, तिथे लवकर आणि नीट कळतं, पण फिरवायचा मात्र मोठाच. वाचायला देतानाही मोठाच द्या, मोडीत हात न उचलता लिहितात, अक्षरं जोडणाऱ्या त्या बारीक रेघा पहिल्याच पिरडाउनमधे फिक्या होतात.